एटापल्लीपर्यंत एक जुना संगणक

गडचिरोली जिल्ह्याच्या आतल्या भागात जाणारे लोक मच्छरदाणी आणि मलेरियाच्या गोळ्या बरोबर नेतात. २००२ सालच्या हिवाळ्यात मी तिकडे गेलो तेव्हा या दोन्ही गोष्टी माझ्याजवळ होत्या. शिवाय मांडीवर गोधडीत गुंडाळलेला एक संगणक होता. तो मूळचा पांढरा असावा. तेव्हाच्या नव्या यंत्रांपुढे तो खेळण्यासारखा होता, पण आम्हाला हवे ते काम नवे कोणतेच यंत्र करू शकत नव्हते.

'आम्ही' म्हणजे मी आणि चंद्रपूरचे सलीमभाई. मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि आठवड्यातून एकदा संगणकावर सदर लिहीत असे. सलीमभाईंचे जटपुरा गेटजवळ रेडिओ, टीव्ही आणि संगणक दुरुस्तीचे दुकान. माझ्या प्रत्येक लेखानंतर त्यांचा फोन येई, आणि तो सहसा असहमतीचा असे. पावसाळ्यानंतर आलेल्या एका फोनमध्ये मात्र वाद नव्हता. एटापल्लीला मडावी गुरुजी नावाचे निवृत्त शिक्षक आहेत, ते म्हणाले. कितीतरी वर्षे पाड्यापाड्यांवर फिरून त्यांनी गोंडी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ गोळा केले, संगणकावर चढवले. ज्या चिठ्ठ्यांवरून चढवले त्या वाळवीने खाल्ल्या. श्रावणात घराजवळ वीज पडली आणि संगणक बंद झाला. शब्द सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी बरेच आता हयात नाहीत. संगणकातले निघाले नाही, तर ते पुन्हा गोळा होणार नव्हते.

"येता का पाहाले?" सलीमभाईंनी विचारले. मी रजा टाकली.

चंद्रपूर

सलीमभाई स्टँडवर आले होते. पंचेचाळिशीचा, सडपातळ माणूस. खिशात पेनाऐवजी टेस्टर. त्यांनी आधी मला तर्री-पोह्याच्या गाडीवर नेले. नागपुरात पोह्यांवर तर्री घालतात. इथे पोहे तर्रीत सोडले आहेत असे वाटते.

"तुमी लिहिलं होतं का आता सगळ्यायनं एक्सपी घ्यावं," पहिल्याच घासाला ते म्हणाले. "काऊन घ्यावं?"

तो आधीच्या विंडोजपेक्षा कमी वेळा बंद पडतो, असे मी म्हणालो.

"कमी येळा मरते म्हणून त्याले जिवंत म्हणाचं का जी?"

दुकानाच्या मागच्या भागात त्यांचा स्वतःचा संगणक होता. त्याला झाकण नव्हते. शेजारच्या टेबल फॅनचा वारा थेट आतल्या सर्किटच्या पाट्यांवर येत होता. त्यावर लिनक्स होते, एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून टाकलेले. आवाज सुरू करायला त्यांना आठवडा लागला होता. प्रिंटर अजून चालत नव्हता. हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितले, आपणहून नाही.

"विंडोज म्हणजे लग्नाचा मांडव," ते म्हणाले. "दिसते मस्त. वारा सुटला का मंग पाहा. लिनक्स म्हणजे आपली विहीर. पाणी ओढाव लागते, हात दुखते, पण कोणी कुलूप नाई लावत."

"आणि डॉस?"

"डॉस सायकल आहे. सगळे तिच्यावरच शिकले, आता कोणी नाव नाई घेत."

पडद्याआडून त्यांच्या पत्नीचा, शमीमभाभींचा आवाज आला. "और मिक्सर? वो किस में आता है? ईद से पड़ा है." सलीमभाईंनी टेस्टर खिशात ठेवला आणि निघायची वेळ झाल्याचे मला सांगितले.

गुरुजींचा संगणक डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, फक्त अक्षरांच्या प्रणालीवर चालत असे. त्या काळी डॉसवर मराठी अक्षरे दिसायला संगणकाच्या पोटात एक वेगळे कार्ड बसवावे लागे. कार्ड नसेल तर पडद्यावर अक्षरांऐवजी रेघोट्या आणि चिन्हे येत. वीज पडली त्यात गुरुजींचे कार्ड जळाले होते. कार्ड ज्या लांब काळ्या खाचेत बसते, ती नव्या संगणकांत येणे बंद झाले होते. म्हणून आधी जुना संगणक शोधायचा, आणि त्यात ते कार्ड असायला हवे. सलीमभाईंच्या मते तो गडचांदूरला मिळणार होता.

गडचांदूर

राजुरा मागे पडले की काळ्या मातीत कापूस दिसू लागतो आणि गडचांदूर जवळ आले की झाडांची पाने राखाडी होतात. चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने हे इथले मुख्य काम. रस्त्याने कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. वरचा थर तेवढा कळकट, आतला पांढरा.

इथल्या एका कारखान्याने हिशेब विभागातले जुने संगणक काढून टाकले होते आणि ते एका भंगार व्यापाऱ्याकडे आले होते. त्यांना सगळे हाजीसाहेब म्हणत. त्यांच्या शेडमध्ये कीबोर्ड विटांसारखे रचलेले होते. सलीमभाई एकेक डबा उघडू लागले. त्यांची पद्धत मी पाहत होतो. आधी विजेचा पुरवठा करणारी पेटी हातावर तोलायची. जड असेल तर चांगली. मग आतल्या पाटीचा वास घ्यायचा. जळका आला की डबा बाजूला.

"डबा उघडला का मी गाव सांगतो," ते म्हणाले. "चंद्रपूरच्या मशीनमंदी काळी धूळ, कोळशाची. इथी सिमेंट. गडचिरोलीकडे गेलं का माती अन् कुंभारमाशीचं घर."

सिमेंटच्या धुळीला ओला फडका लावायचा नसतो. पाटीवर प्लास्टर होते. त्यांनी पिशवीतून रंगाचा ब्रश आणि सायकलचा पंप काढला. बऱ्याच डब्यांनंतर एकात ते कार्ड सापडले. सलीमभाईंनी चेहरा शक्य तितका कोरा ठेवला, पण हाजीसाहेब जुने व्यापारी होते.

"सलीममियाँ, ये डब्बा ले जाओ. पहले मेरा कॉम्प्युटर देखो. घंटाभर घड़ी दिखाता है, फिर नीला हो जाता है."

त्यांच्या गादीशेजारच्या संगणकावर विंडोज ९८ होते आणि कुठल्याशा सीडीतून व्हायरस शिरला होता. सगळे पुसून पुन्हा टाकावे लागणार होते. सलीमभाईंनी लिनक्सचा विषय काढायला तोंड उघडले.

"वो पेंग्विनवाला मत डालना," हाजीसाहेब म्हणाले. "मेरे को दोपहर में पत्ते खेलने पड़ते हैं."

सलीमभाईंनी निमूटपणे विंडोज ९८ टाकले. दुपार त्यातच गेली. मधल्या वेळात ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि कच्चा कांदा आला. परत निघताना मी म्हणालो, की बोलायला लिनक्स आणि पोटाला विंडोज, असे दिसते.

"तुमच्या पेपरात रोज भविष्य छापता ना?" त्यांनी विचारले. "तुमी मानता का?"

निघण्यापूर्वी त्यांनी जुना संगणक हाजीसाहेबांच्या पडद्याला जोडून पाहिला. काळ्या पार्श्वभूमीवर एक ठळक, ओबडधोबड 'क' उमटला. आमच्या कार्यालयात त्याहून सुबक अक्षरे होती. पण आमच्या दैनिकातली फाईल शेजारच्या दैनिकात उघडत नसे. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. हा 'क' मात्र अशा कार्डाच्या कोणत्याही संगणकावर 'क'च राहणार होता. हे सलीमभाईंचे म्हणणे होते.

आलापल्ली

आष्टीला वैनगंगा ओलांडली की शेते मागे पडतात आणि सागवान सुरू होते. बसमध्ये संगणक टपावर टाकायला सलीमभाई तयार नव्हते. कंडक्टरने गोधडीकडे पाहिले.

"काय आहे?"

"कॉम्प्युटर."

"मांडीवर हाय तवरोक फुकट. सीटवर ठेवला का त्याचं तिकीट."

आलटूनपालटून आम्ही तो मांडीवर घेतला. आलापल्लीत उतरलो तेव्हा माझे पाय बधिर झाले होते. लॉजमध्ये वीज नव्हती. जवळच्या खाणावळीत एक तेलुगू बाई भात, आंबट अंबाडीची भाजी आणि तळलेल्या मिरच्या वाढत होत्या. त्यांच्या एका वाक्यात तीन भाषा असत आणि गिऱ्हाइकांना सगळ्या समजत. पुण्याकडे वाढताना आग्रह करतात. इथे भाताचा ढीग ठेवून माणूस निघून जातो. लागला तर हाक मारायची.

जेवताना मी माझे मत सांगितले. लोक संगणकप्रणाली निवडत नाहीत, दुरुस्त करणारा जवळचा माणूस निवडतात. तो जे टाकून देईल ते वापरतात. सलीमभाईंनी या वेळी नेहमीसारखा विरोध केला नाही. ते दुसऱ्याच विचारात होते.

"मशीनचं मले काई नाई वाटत," ते म्हणाले. "मशीन भेटली. डिस्कले काई झालं असन तर? दोन वर्सांआंगोदर मी गुरुजीले सांगून आलो होतो. फ्लॉपीचे दोन सेट करा. एक मशीनजवळ, एक दुसऱ्या जागी. पण लोकं काय करतेत? दुसरा सेट करतेत अन् पह्यल्याच्याच खाली ठेवून देतेत."

"फोनवर विचारलं नाही?"

"इचारलं. म्हणाले, आहे ना, आहे. आहे म्हणजे कुठी आहे, ते इचारतो तवरोक लाइन कटली."

सकाळी एटापल्लीच्या वाटेवर पोलिसांनी बस थांबवली. हे इथे नेहमीचे आहे आणि प्रवासी सरावाने उतरतात. गोधडी उघडली गेली. एका जवानाने झाकण काढायला सांगितले, आतल्या तारांकडे बराच वेळ पाहिले आणि नावे विचारली. माझ्या नावावर तो थांबला नाही. सलीमभाईंनी नाव सांगितल्यावर त्याने त्यांचे ओळखपत्र उलटून पुन्हा एकदा पाहिले. सलीमभाई प्रत्येक भागाचे नाव आणि काम सांगत गेले, दुकानात गिऱ्हाइकाला सांगावे तसे.

"याच्यात पिच्चर दिसते का?" जवानाने शेवटी विचारले.

"नाई साहेब. फक्त अक्षरं."

"मंग कायले नेऊन राह्यले एवढ्या दूर?" असे म्हणून त्याने झाकण स्वतःच बसवून दिले.

एटापल्ली

गुरुजींचे घर गावाच्या कडेला. मातीच्या भिंती, सारवलेले अंगण, कुडाचे कुंपण. गुरुजी सत्तरीच्या घरातले, जाड चष्म्याचे. त्यांनी "जोहार" म्हटले, पाण्याचा तांब्या दिला आणि लगेच कामाचे विचारले नाही. एक कोंबडी टोपलीखाली झाकून ठेवली होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सलीमभाऊ, कोंबडी तुमीच कापा जी, तुमच्या पद्धतीनं. मंग सगळ्यायले चालते." सलीमभाईंनी अंगणाच्या कडेला जाऊन ते काम केले आणि हात धुऊन संगणकाशी बसले.

गुरुजींच्या जुन्या डब्यात सांगितल्याप्रमाणे कुंभारमाशीचे घर होते. कार्डाच्या कडेला जळल्याचा डाग होता. सलीमभाईंनी आतली हार्ड डिस्क काढली आणि आम्ही आणलेल्या संगणकाला जोडली. गुरुजी हात गुडघ्यांवर ठेवून बसले. बटण दाबले. डिस्कमधून टक, टक असा आवाज येऊ लागला. सलीमभाईंनी ती कानाला लावली. बंद केली, तळव्यांत धरून ऊब दिली, आडवी करून पाहिली, उलटी करून पाहिली. आवाज तोच.

"गेली," ते म्हणाले.

"सगळं?" गुरुजींनी विचारले.

"डिस्कवरचं सगळं जी."

टेबलावर प्लॅस्टिकचा एक डबा होता. गुरुजींनी तो पुढे सरकवला. आत फ्लॉप्या होत्या, वर सुवाच्य अक्षरांत वर्णमालेचे क्रम लिहिलेले. सलीमभाईंनी एकीची पत्र्याची खिडकी सरकवली. आतल्या काळ्या चकतीवर पांढरी बुरशी होती. दुसरीवरही. सगळ्यांवर. एटापल्लीचा पावसाळा लांब असतो आणि बंद डब्यात ओल राहते. त्यांनी त्या यंत्रात घातल्यासुद्धा नाहीत. बुरशी यंत्रातल्या, चकती वाचणाऱ्या डोक्याला चिकटली असती.

"दुसरा सेट कुठी आहे गुरुजी?"

"हिले देल्ता. सांभाळून ठेव म्हणलं होतं."

'ही' म्हणजे मैनाबाई, त्यांच्या पत्नी. त्या ओसरीवर सुपात धान पाखडत होत्या. गुरुजींनी गोंडीत काही विचारले. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि कोपऱ्यातली आकड्याची काठी घेतली. आम्ही दारात उभे राहिलो. चुलीच्या वर, धुराने काळ्या झालेल्या आडव्या बांबूला लहानमोठी गाठोडी टांगलेली होती. माहुल नावाच्या रानवेलीची मोठी पाने एकावर एक लावून, सालीने घट्ट बांधलेली. आत पुढच्या वर्षाचे बी: भोपळा, वाल, काकडी, मका. या भागात बियाणे असेच ठेवतात. मैनाबाईंनी ओळीतले एक चपटे गाठोडे काठीने उतरवले.

सलीमभाईंनी ते हातात घेतले नाही. "चुलीवर?" ते म्हणाले. "बाई, फ्लॉपी धुरात कोण ठेवते?"

"बी कुठी ठेवतेत मंग?" मैनाबाईंनी विचारले. "हे म्हणले, ते मेलं तर यातून पुन्हा निंगन. ज्यातून पुन्हा निंगते ते बीच ना जी? ते मी टेबलावर ठेवू का?"

"गुरुजी, तुमी इचारलं नाई कुठी ठेवलं ते?"

"बी कुठी ठेवलं ते कोण इचारते?" गुरुजी म्हणाले.

पाने उलगडली. आत जुन्या लुगड्याचा तुकडा आणि त्यात फ्लॉप्या. प्लॅस्टिक पिवळसर झाले होते आणि सगळ्यांना धुराचा वास होता. सलीमभाईंनी सवयीने एक नाकाला लावली, मग खिडकी सरकवली. चकती काळी आणि कोरडी होती. बुरशी नव्हती. त्यांनी ती यंत्रात घातली. यंत्र घरघरले, थांबले, पुन्हा घरघरले. पडद्यावर फाईलींची नावे आली. त्यांनी मराठीचा प्रोग्राम सुरू केला आणि फाईल उघडली. डावीकडे गोंडी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, ठळक, ओबडधोबड अक्षरांत.

गुरुजींनी चष्मा वर सरकवून पडद्याला नाक लावले. एकेक ओळ ते पुटपुटत वाचू लागले. मध्येच एका शब्दावर ते थांबले आणि मैनाबाईंना हाक मारून म्हणाले, "हा तुह्या मायनं सांगितल्ता." त्या येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी कोणता शब्द ते विचारले, ऐकून घेतला आणि परत चुलीकडे गेल्या.

एक फ्लॉपी सोडून बाकी सगळ्या वाचल्या गेल्या. जी वाचता आली नाही ती गाठोड्यात सर्वांत खाली होती. तिचा एक कोपरा आचेने किंचित वाकला होता. सलीमभाईंनी ती पुन्हा पुन्हा घालून पाहिली. जेवणाची हाक आली तरी ते उठले नाहीत. शेवटी त्यांनी ती टेबलावर ठेवली. तिच्यावर 'प ते म' असे लिहिले होते.

जेवणात कोंबडीचा रस्सा, भात, लाखोळीची डाळ आणि लाल मुंग्यांची चटणी होती. चटणी आंबट-तिखट लागते आणि कैरीची आठवण होते. सलीमभाईंनी ती नाकारली. मैनाबाईंनी त्यांच्याकडे पाहून गोंडीत काहीतरी म्हटले आणि गुरुजी पहिल्यांदा हसले. अर्थ विचारल्यावर ते म्हणाले, "म्हणते, धूर नाई चालत, मुंगी नाई चालत, याले चालते काय?"

मग वाद झाला. सलीमभाईंचे म्हणणे असे, की धुराचा काही उपयोग नाही. चुलीच्या उबेने ओल धरली नाही म्हणून बुरशी आली नाही, आणि त्याच उबेने एक फ्लॉपी गेली. मैनाबाईंचे म्हणणे असे, की गाठोडे अधूनमधून फिरवावे लागते, बियाण्याचे त्या फिरवतात. याचे फिरवायचे असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दोघांपैकी कोणी मागे हटले नाही. मी दोन्ही बाजू इथे नोंदवतो आहे.

"प ते म," गुरुजी हात धुताना म्हणाले. "पुन्हा इचाराव लागन." ते कोणाकोणाला विचारायचे ती नावे घेऊ लागले. काही नावांनंतर ते थांबत आणि पुढच्या नावाकडे जात. थांबण्याचा अर्थ आम्हाला समजत होता.

संध्याकाळी मी सलीमभाईंना त्यांच्या पिशवीतल्या लिनक्सच्या सीडीची आठवण करून दिली. चंद्रपूरपासून ती आमच्याबरोबर होती. एटापल्लीचे शब्द लिनक्सवर चढले, एवढे एक वाक्य नागपूरला परतल्यावर माझ्या सदरात त्यांना हवे होते, हे मला ठाऊक होते.

"गुरुजीच्या बोटायले डॉस येते," ते म्हणाले. "बोटं कुठून बदलवून आणू?" सीडी पिशवीतच राहिली. आम्ही आणलेल्या संगणकावर जुना डॉस, जुना प्रोग्राम आणि फ्लॉप्यांमधले शब्द चढले. मग गुरुजी खुर्चीत बसले आणि 'प' नावाची कोरी फाईल त्यांनी उघडली.

"पुंगार," चुलीजवळून मैनाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी एका बोटाने टंकले: पुंगार, फूल.

"पाल."

पाल, दूध.

"मीन," त्या म्हणाल्या. मासा. गुरुजींनी सांगितले, की एवढ्या पुढे जाऊ नको, आधी 'प' संपू दे. त्यावर त्या म्हणाल्या, की आठवले तेव्हा सांगते, क्रम तुमचा तुम्ही लावा.

दुसऱ्या दिवशी निघताना सलीमभाईंनी कोऱ्या फ्लॉप्यांवर सगळ्याच्या प्रती केल्या. एक संच त्यांनी चंद्रपूरला नेला. एक मला दिला. तो आज माझ्या टेबलाच्या खणात आहे. आमच्या नव्या संगणकावर त्या फाईली उघडतात, पण त्यात ते कार्ड नाही, म्हणून शब्दांच्या जागी चिन्हे दिसतात. तिसरा संच एटापल्लीचा. गुरुजींनी तो घेतला आणि नेहमीच्या सवयीने टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या डब्याकडे हात नेला.

मैनाबाई माहुलची ताजी पाने घेऊन दारात उभ्या होत्या. गुरुजींनी फ्लॉप्या त्यांच्याकडे दिल्या. त्यांनी त्या फडक्यात गुंडाळल्या, पानांत बांधल्या आणि आकड्याच्या काठीने चुलीवरच्या बांबूला, भोपळ्याच्या बियाण्याशेजारी टांगल्या. सलीमभाई बूट घालायचे थांबून हे पाहत होते. मग ते अनवाणीच आत गेले, चुलीपासून गाठोड्यापर्यंत हात धरून अंतर पाहिले.

"थोडं वर टांगा बाई," ते म्हणाले. "हातभर वर."